गट सातचं पान

गॅस बंद केलाय का, हे बघायला मी आजही जिना उतरून पुन्हा वर जाते. एकदा नाही, दोनदा. कुलूप ओढून बघते आणि रस्त्यावर आल्यावर ते ओढून बघितलं की नाही तेच आठवत नाही. धुळ्याला आमच्या घरी आई कपाळाला हात लावून म्हणायची, "बठ्ठा जगना भार तुनाच डोकावर शे का?" स्वभाव घोर लावून घेण्याचा, तो तर जन्माचाच. पण हे दोनदा वर जाणं जळगावातलं. ते एका मंगळवारी लागलं, भाद्रपदात, पोळा होऊन आठवडा झाला असेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून जळगावला केळी उत्पादकांच्या एका संघात नोकरीला लागले होते. घरात कापूस, केळीचं खोड मी एसटीच्या खिडकीतूनच काय ते पाहिलेलं. मुलाखतीत कुणी ते विचारलंही नाही. त्यांना कॉम्प्युटरवाली हवी होती आणि मला धुळ्याबाहेरची नोकरी हवी होती, कारण घरी स्थळं बघणं सुरू झालं होतं. नोकरी गेली की पहिल्या गाडीने परत, असं वडिलांनी स्पष्ट बजावलेलं.

काम सांगायला सोपं. केळी तेव्हा रेल्वेच्या वॅगनने दिल्लीकडे जायची. उद्या किती वॅगन मिळणार ते दुपारी कळायचं. मग संघाचे सचिव, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्या वॅगन बावीस गटांत पाळीपाळीने वाटून द्यायचे. एक गट म्हणजे एक गाव. वॅगन मिळाली त्या गटाने पहाटे घड कापायचे आणि स्टेशनावर नेऊन भरायचे. पूर्वी हा निरोप माणसाबरोबर जायचा. माणूस वाटेत चहाला बसला की निरोपही बसायचा. म्हणून भाऊंनी कॉम्प्युटर आणले. प्रत्येक गावात एका एसटीडी बूथवर एक, आणि आमच्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत सगळ्यांचा बाप, म्हणजे सर्व्हर.

गावातून आमच्या नंबरला फोन लावायचा, मॉडेम किर्रर्र करत जोडला जायचा, मग आपल्या गटाचा पत्ता टाइप करायचा की त्या गटाचं पान उघडायचं. लाइन इतकी मंद की पानावर मी तीनच ओळी ठेवलेल्या: स्टेशन, वेळ, किती वॅगन. गटाचा आकडा पत्त्यातच होता, तो पानावर पुन्हा कशाला लिहायचा? संध्याकाळी सहाला मी ही पानं बनवायची, सकाळी पुसून टाकायची. आणि ज्या गटाला वॅगन नाही, त्याचं पान बनवतच नसे. नसलेल्या वॅगनचं पान कुणी बघायचं, असं मला वाटायचं. किती शहाणी होते बघा.

सात वाजता बूथवाले पान उघडायचे आणि बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचे. त्या फळ्यावर गाव पहाटे कोयते काढायचं.

पण सात ते आठ हा तास माझ्यासाठी नुसता छळ होता. सगळे बूथवाले नवशिके. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की सर्व्हर आपलं ठरलेलं इंग्रजी वाक्य दाखवायचा, की तुम्ही मागितलेलं पान सापडलं नाही. लगेच मला फोन. "मॅडम, ते इंग्रजी आलं." मी म्हणायचे, नीट बघून पुन्हा टाइप करा. फोन ठेवला की दुसरा. "मॅडम, इंग्रजी आलं." पुन्हा टाइप करा. कोणता गट, कोणतं गाव, विचारायचेही नाही. माझं डोकं तापायचं. तसंही ते लवकर तापतं.

सगळ्यात जास्त फोन गट सातच्या अक्कांचे. फैजपूरजवळच्या एका गावात त्यांचा बूथ होता. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण चौथी. भाऊ पहिल्यापासून नाराज होते, म्हणायचे, त्या गावात कॉलेज शिकलेली पोरं पडली आहेत आणि कॉम्प्युटर दिला कुणाला! पण गावात दुसरा बूथ नव्हता, त्यामुळे इलाज नव्हता. अक्का एका बोटाने टाइप करायच्या आणि चुकलं की स्वतःलाच शिव्या घालायच्या.

"पोरी, माह्या बोटाले डोळे नही," त्या फोनवर म्हणायच्या. "तुह्या मशीननं मले पुन्हा खोटं पाडलं."

"अक्का, मशीन खोटं पाडत नाही. पुन्हा टाइप करा."

"करते माय. तू चिडू नको."

मी चिडायचेच. आणि मग मला वाईट वाटायचं, म्हणून अजून चिडायचे.

शेवटी त्या सोमवारी दुपारी मी ठरवलं की या कटकटीचा निकाल लावायचा. सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ असते: मागितलेलं पान नसेल तर काय करायचं. आमच्याकडे ती ओळ रिकामी होती, म्हणून ते इंग्रजी वाक्य यायचं. मी तिथे माझ्या एका छोट्या प्रोग्रामचं नाव घातलं. त्याचं काम एवढंच की चुकलेला पत्ता घ्यायचा, असलेल्या पानांच्या नावांशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचा आणि त्यातल्या त्यात जवळचं पान मुकाट्याने उघडून द्यायचं. चुकलात म्हणून सांगायचं नाही, बोलणी नाहीत, काही नाही. मी मुद्दाम दहा-बारा वाकडेतिकडे पत्ते टाइप करून बघितले आणि दर वेळी बरोबर पान उघडलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली.

त्या संध्याकाळी फोन वाजलाच नाही. सात वाजले, साडेसात झाले, आठ वाजले. मी खुर्चीत मागे रेलून चहा प्यायले आणि मनात म्हटलं, बाई, जिंकलीस.

मंगळवारी सकाळी अकराला फोन आला. गट सातचे प्रमुख होते, त्यांना सगळा पट्टा नाना म्हणायचा. ते सावदा स्टेशनवरून बोलत होते.

"पोरी, आमच्या वॅगन कुठं हायेत?"

"कोणत्या वॅगन, नाना? आज गट सातला वॅगन नाहीत." हे मला तोंडपाठ होतं. आदल्या दिवशी वॅगन भरपूर आल्या होत्या, बावीसपैकी एकवीस गटांना मिळाल्या होत्या. एकट्या सातची पाळी शनिवारी होऊन गेली होती, म्हणून त्यांना नव्हती.

"नही कशा? फळ्यावर लिव्हलं हाये! सावदा, अकरा वाजता, दोन वॅगन. पहाटपासून सारं गाव कापू राह्यलं. आन इथं गट एकची मानसं म्हनतात, या आमच्या वॅगन."

गट एक म्हटल्याबरोबर मी रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवून मागच्या खोलीत धावले. सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो: किती वाजता, कुणी, कोणतं पान मागितलं आणि काय दिलं. संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी अक्कांच्या बूथवरून गट सातचं पान मागितलं होतं. अक्षर न् अक्षर बरोबर, एकही चूक नाही. पान नव्हतंच. आणि माझ्या त्या गुणी प्रोग्रामने त्यातल्या त्यात जवळचं म्हणून यादीतलं पहिलं, गट एकचं पान उघडून दिलं होतं. सात वाजून सहा मिनिटांनी पुन्हा तेच. मागितलं सात, दिलं एक.

मी त्या दोन ओळी प्रिंटरवर छापल्या. प्रिंटर करकरला तशी मी दाराकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले.

तोवर फोन भाऊंनी घेतला होता. ते लाल झाले होते. रिसीव्हर आपटून म्हणाले, "मी सांगत होतो! त्या बाईने नेहमीसारखं चुकीचं टाइप केलं, एकाचं पान बघितलं आणि लिहून मोकळी झाली. आता बास. आजच कॉम्प्युटर उचलायचा तिथून."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि म्हणाले, "भाऊ, केळीचं काय होईल?"

"काय होईल म्हणजे?"

"नाही, दोन दिवस ठेवली तर? सावलीत?"

भाऊ खेकसले. "कापूस आहे का तो, घरात गंजी मारून ठेवायला? कापलेली केळी या उन्हात दोन दिवस पडली की पिवळी पडायला लागते. पिवळी केळी दिल्लीच्या वॅगनमध्ये कोण घेतं?"

मला खरोखर माहीत नव्हतं. आमच्याकडे कापूस महिनाभर ओट्यावर पडून राहतो. घड एकदा कापला की त्याला परतीची वाट नाही, हे त्या पट्ट्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मी एकटीच अडाणी होते आणि फाइलीतल्या त्या ओळीवर हात माझा होता.

आम्ही जीपने निघालो. भुसावळला थांबून भाऊंनी ओळखीच्यांना फोन लावले आणि कसेबसे दोन ट्रक मिळवले, इंदूरच्या बाजारासाठी. दोन ट्रकांत अर्धा माल गेला असता. तापीच्या पुलावरून जाताना मी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. एकदा वाटलं, खिडकीतून कागद सोडून द्यावा, खाली नदी आहे. कुणाला कळणार? अक्का नेहमी चुकतातच. त्यांची चूक असं म्हटलं तर सगळे मान हलवतील. माझी म्हटलं तर उद्याच्या गाडीने धुळं. असं सगळं मी विचार करून बघितलं, आणि मला स्वतःची किळस आली, पण तोंड काही उघडलं नाही. भाऊ पूर्ण वाटभर अक्कांना बोलत होते आणि मी हूं हूं करत होते.

गावाच्या रस्त्याला लागलो आणि घड दिसायला लागले. दोन्ही बाजूंना, केळीची पानं अंथरून त्यावर रचलेले, वरून पुन्हा पानं झाकलेली. हिरवेगार आणि देखणे. बाया पानांवर पाणी शिंपडत होत्या. कुणी आमच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

ट्रक आले, भरणं सुरू झालं आणि उरलेली माणसं बूथपाशी गोळा झाली. फळा तसाच होता: सावदा, अकरा, दोन. त्याच्याखाली अक्का उभ्या होत्या. फोनवरच्या आवाजावरून मी धिप्पाड बाई समजत होते. ही एवढीशी, पदर खोचलेली, बोटांना अजून खडू लागलेला.

"सांग त्याहिले," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती वाटत होती. "कसं काय लिव्हलं ते सांग."

"मी तर रोजच्यासारखंच केलं," अक्का म्हणाल्या. "वॅगन नसली का ते इंग्रजी पान येते, सापडलं नही म्हनारं. ते आलं का मी अजून एकदा टाइप करून पाह्यते. एकदा आलं तर माही चूक. दोनदा आलं तर वॅगन नही. मंग फळ्यावर 'उद्या नही' लिव्हते. साऱ्याच गावचे बूथवाले असंच करतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हीनंच शिकोलं. पुन्हा टाइप करा म्हने."

मी ज्याला कटकट म्हणत होते, ते इंग्रजी वाक्य बावीस गावं रोज वाचत होती. नाही म्हणजे नाही, उद्या कापू नका, एवढा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता, आणि तो बरोबर होता. आणि मी ते 'नाही'च बंद करून टाकलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"काल बी दोनदा टाइप केलं," अक्का सांगत होत्या. "दोन्ही वखत दोन वॅगन आल्या. पन..." त्या खडूची बोटं पदराला पुसायला लागल्या. "पन माह्याच हातून चुकलं असंन. माह्या बोटाले डोळेच नही. ते मशीन मले पह्यलेपासूनच सांगू राह्यलं."

"झालं तर मग," भाऊ म्हणाले. "बाईंनी कबूल केलं. कॉम्प्युटर जीपमध्ये ठेवा."

दोघं जण बूथमध्ये शिरले सुद्धा. अक्का बाजूला सरकल्या, वाट द्यायला. त्यांचं ते मुकाट्याने सरकणं बघितलं आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, ओरडल्यासारखेच.

"अक्का चुकल्या नाहीत! मी चुकले!"

सगळे वळले. पर्सची चेन अडकली, मी ती तोडलीच. कागद काढला. मी भडाभडा सांगत सुटले, फाइलीतली ओळ, प्रोग्राम, जवळचं पान, सगळं. किती जणांना कळलं असेल देव जाणे. नानांना कळलं. ते म्हणाले, "म्हंजे मशीन नही म्हनत होतं, ते तू गप केलं."

"हो," मी म्हणाले.

"सकाळी माहीत होतं तुले?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो. अकरा वाजल्यापासून."

ट्रकवाल्याने तेवढ्यात हॉर्न दिला. मला रडू फुटलं आणि रडण्याचाही राग आला. अक्का पुढे आल्या आणि त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"यात मी काय लिव्हलं ते कोनतं?"

मी ओळ दाखवली.

"काय हाये ते?"

"गट सात."

"बरोबर लिव्हलं?"

"बरोबर. दोन्ही वेळा."

"मंग मोठ्यानं वाच," अक्का म्हणाल्या. "नानाले ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. सात वाजून चार मिनिटं, मागितलं गट सात. सात वाजून सहा मिनिटं, मागितलं गट सात. कॉम्प्युटर उचलायला गेलेले दोघं दारातच थांबले होते. भाऊंनी हातानेच त्यांना ठेवा म्हणून खूण केली.

अर्धा माल गेला. उरलेला पिकला, आणि त्या गावातल्या गुरांनी आठवडाभर केळी खाल्ली. भाऊंनी मला काढलं नाही. का नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. परत आल्या आल्या मी तो प्रोग्राम पुसला. ज्या गटाला वॅगन नाही, त्याचंही पान बनवायला लागले: गटाचा आकडा मोठा, खाली मराठीत, 'उद्या वॅगन नाही, कापू नका.' अक्षरं चित्र करून टाकावी लागली, मराठी टाइप तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरवर दिसत नसे. आणि पत्ताच चुकला तर वेगळं पान: 'असा गट नाही, पुन्हा टाइप करा.'

बुधवारीही गट सातला वॅगन नव्हती. संध्याकाळी मी फोनसमोर बसून होते. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"पोरी, पान आलं. सात हाये वर. खाली कापू नका म्हनते. मी दोनदा टाइप केलं, दोन्ही वखत तेच म्हनते."

"बरोबर आहे अक्का."

मग म्हणाल्या, "खरं हाये ना?"

हे त्यांनी तोवर कधीच विचारलं नव्हतं. इतक्या दिवसांत मशीनवर त्यांनी एकदाही शंका घेतली नव्हती. घेतली ती स्वतःच्या बोटांवर. मी म्हटलं, थांबा अक्का, फोन ठेवू नका. मागच्या खोलीत गेले, वाटणीचा कागद काढला, सर्व्हरवरचं पान उघडलं, दोन्ही शेजारी धरून बघितलं. परत फोनकडे निघाले, आणि दारातून पुन्हा एकदा मागे जाऊन बघून आले.

"खरं आहे," मी म्हणाले.

मी तिथे होते तोवर दर संध्याकाळी हा फोन यायचा. आणि दर संध्याकाळी मी दोनदा बघून यायचे.